मॅडमची गाडी पंपाकडे वळते

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंना सगळे 'मॅडम' म्हणत. त्यांच्याकडे शिकलेला माणूस कितीही अडचणीच्या जागी गाडी लावून दाखवायचा. शिकवणीत पेट्रोल पंप यायचा, वाचनालय यायचं, इस्पितळही यायचं, आणि प्रत्येक ठिकाणी मॅडम म्हणायच्या, "इथे लावा बघू." शिकणारा घाम गाळत गाडी मागेपुढे करायचा, तोवर मॅडम आत जाऊन मोकळ्या होऊन यायच्या.

लघवीची घाई अशी लागायची की दम धरवत नसे. त्यांनी पाणी पिणं कमी केलं, चहा सोडला. घाई काही पाठ सोडेना. नाटकाला जाणं बंद झालं. धाकट्या बहिणीकडे जायचं तर बसचा लांबचा प्रवास, तोही टळू लागला. बहिणीला वाटलं, ताई रुसली. नवऱ्याला वाटलं, हिला घर सोडवत नाही. वयच झालं, अशी स्वतःची समजूत घालून मॅडम गप्प राहिल्या.

मग एक निवृत्त वॉचमन शिकायला आले. मिशा भारदस्त, आवाज त्याहून. एकदा पुलावर वाहनं तुंबली. मॅडमचा पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर आणि जीव पंपावर. पूल उतरताच वॉचमननी न विचारता गाडी थेट पंपात घातली, आडवीच सोडली आणि धूम ठोकली. मॅडमही मागोमाग पळाल्या.

बाहेर आल्यावर मॅडमनी विचारलं, "तुम्हालाही?"

"म्हणून तर तुमच्याकडे नाव घातलं. सगळे सांगतात, या बाई सारख्या थांबतात."

लाजावं की हसावं, मॅडमना कळेना. नुकतंच जाऊन आल्यामुळे हसायला भीती नव्हती, म्हणून त्या पोटभर हसल्या.

वॉचमननी आपल्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला. त्या तपासून म्हणाल्या, "मूत्राशय उतावळं झालंय. सहा-सात माणसांत एकाला असतं हे. बोलत कुणी नाही." पाणी कमी केल्याबद्दल मॅडमना बोलणी बसली. घाई लागली की लगेच न पळता थोडं थोडं थांबायची सवय, खालच्या स्नायूंचा व्यायाम आणि एक गोळी, एवढं पदरात पडलं.

पूर्ण बरं वाटलं असं नाही. पण काही महिन्यांनी मॅडम बसमध्ये बसल्या, मधल्या थांब्यावर उतरून चक्क चहाही प्यायल्या. बहिणीला सगळं सांगितलं. आधी का बोलली नाहीस म्हणून ती चिडली, बराच वेळ भांडी आपटत राहिली. मग शेजारी येऊन बसली.

"त्या डॉक्टरीणबाईंचा नंबर असेल ना तुझ्याकडे?"