‘विशेष कारण’ नावाचा रकाना

कानिफनाथबद्दल कुणी विचारलं की मी आधी त्याच्या बडबडीचं सांगतो. तेवढं सांगताना मला मान खाली घालावी लागत नाही.

आम्ही दोघं भिंगारला लष्कराच्या भांडारात नोकरीला. वर्दीवाले नव्हे, साधे सिव्हिलियन. मी सूर्यभान, बिलांच्या टेबलावरचा कारकून. तो खोकी मोजून त्यांच्यावर खडूने नंबर टाकणारा. मूळचा पारनेरकडचा. आणि तोंड असं की बस्स! मोजता मोजता गावची भांडणं सांगायचा, मध्येच साहेबाच्या चालण्याची नक्कल करायचा, आणि एवढं करून मोजणी चुकायची नाही. “कानिफ, तोंडाला कुलूप लाव रे जरा,” असं मी दिवसातून दहादा म्हणायचो. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

घरी बायको बनूबाई. लग्नानंतर चार वर्षांनी तिला देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. भाऊबंद म्हणाले, दुसरी कर. हा म्हणाला, “कशापायी? हिला दिसत न्हाई, पर ऐकू तर येतंय. मला तेवढंच लागतं.” संध्याकाळी घरी गेला की तिला अख्खं भिंगार तोंडाने दाखवायचा. बाजारात वांगी कशी आली, कुणाच्या दारात मांडव पडला, सुभेदाराच्या बायकोनं कसलं पातळ नेसलं, सगळं. ती चुलीपुढे बसून ऐकायची आणि मध्येच म्हणायची, “काठ कसले हुते, ते न्हाई सांगितलं.”

सत्तरच्या दिवाळीनंतर त्याचा घसा बसला तो बसलाच. कर्करोग निघाला. मुंबईला डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली. जीव वाचला, गळ्याला भोक राहिलं. त्यावर तो रुमाल बांधायचा. कामावर काही अडलं नाही. चौथी शिकलेला होता, पाटीवर लिहून दाखवायचा. पण आंधळ्या बायकोला पाटीचा काय उपयोग?

बहात्तरच्या उन्हाळ्यात एका डॉक्टरांनी त्याला परदेशी यंत्र एका दिवसापुरतं वापरायला दिलं. हातातल्या बॅटरीएवढं नळकांडं. गळ्याला टेकवून बटण दाबलं की भुणभुण करायचं, आणि तोंड हलवलं की त्या भुणभुणीचे शब्द व्हायचे. कानिफने मला ओढतच घरी नेलं. दारातूनच त्याने ते गळ्याला लावलं आणि म्हणाला, “बनू.”

ती दचकून भिंतीला जाऊन टेकली. “कोन हाय?”

“मी हाय. कानिफ.”

“अगं बाई! भुंगा बोलतोय का मानूस?” म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मग हा जो सुटला! दीड वर्षाचं साठलेलं. समोरचा लिंब तोडला, तिथं आता पत्र्याचं दुकान झालंय. तिच्या बहिणीची पोरगी केवढी उंच झालीय. बनूबाई ऐकता ऐकता थांबली. “लिंब तोडला? मग मी रोज त्या लिंबाकडं तोंड करून बसतीय, ती कुणाकडं?” मला तिथं बसवेना. ती बाई दीड वर्ष जुन्या भिंगारात एकटी राहत होती. त्या रात्री मी तिथंच जेवलो. ती वाढत होती आणि तो तिला माझ्या ताटात काय संपलं ते सांगत होता.

दुसऱ्या दिवशी यंत्र परत गेलं.

आम्हा नोकरांचा दवापाण्याचा खर्च सरकार द्यायचं. आमच्या यादीत लाकडी पाय होता, काचेचा डोळा होता. आवाज नव्हता. पण यादीबाहेरच्या वस्तूसाठी वेगळा अर्ज करता यायचा. सरकारने मागवल्याशिवाय असलं यंत्र कानिफच्या हाती लागणं शक्यच नव्हतं. अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. पुढे दोन रकाने. पहिला: वस्तू कामासाठी आवश्यक आहे काय? मी लिहिलं, नाही. ‘होय’ लिहिलं असतं तर वाचेवाचून काम होत नाही, माणूस नालायक, असं ठरवून त्याला घरी बसवला असता. त्या ‘नाही’ची मला लाज नाही.

दुसरा रकाना: विशेष कारण. तिथं एक ओळ पुरली असती. पत्नी अंध आहे. तीन शब्द, सूर्यभान, तीन शब्द! पण आठवड्यापूर्वीच नव्या साहेबाने एका अर्जावरून मला सगळ्यांदेखत झापलं होतं: “फॉर्ममध्ये घरची रडगाणी नकोत.” परत बोलणी कोण खाणार? अर्ज भक्कम आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, होईल काम, अशी मी मनाची समजूत घातली आणि तिथं एक आडवी रेघ मारली.

सरकारी काम आणि सहा महिने थांब. उत्तर सात महिन्यांनी आलं. कानिफ टेबलापुढे उभा राहिला. इंग्रजी कागद, मी मराठीत सांगत गेलो. कामासाठी आवश्यकता नाही. विशेष कारण दिलेलं नाही. नामंजूर. निर्णय अंतिम. त्याने कागद माझ्या हातातून घेतला, त्याला जोडलेली अर्जाची प्रत उलटली आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. मग पाटी काखेत मारली. मी टाइपरायटरचा रोलर फिरवत बसलो. नामर्द कुठला!

बनूबाईला सांगायला मी त्याच्याबरोबर गेलो. वाटलं, पाय धरीन, कबूल करीन. तिनं चटई टाकली. मी म्हणालो, “वहिनी, नामंजूर झालं.”

तिनं चटईची कड सरळ केली. मग म्हणाली, “सरकारला काय ठावं, आमच्या घरात काय हाय ते.” आणि मग, “तुमी सांगितलं असंल की, भाऊ. तुमी तर बघितलंय, जेवलाय हितं.”

“हो,” मी म्हणालो. “सगळं लिहिलं होतं.”

कशी जीभ रेटली, देव जाणे.

तिनं बाजूला हात पसरला. आवाज गेल्यापासून दोघांचं ठरलेलं होतं: तळहात एकदा दाबला तर नाही, दोनदा दाबला तर हो. “खरंच सांगितलं हुतं का भाऊंनी?” तिनं नवऱ्याला विचारलं.

कानिफनाथने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, राग असता तर बरं झालं असतं. मग त्याने तिचा तळहात हातात घेतला आणि दोनदा दाबला.

बायकोशी बोलायला त्याच्याजवळ ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच दोन शब्द उरले होते. त्यातला एक तो माझ्यासाठी खोटा बोलला.

“मग तुमचा काय दोष, भाऊ?” बनूबाई उठत म्हणाली. “बसा, चहा टाकते.”

मी बसलो. तो चहा मी प्यायलो.