तळ्यातला प्लॉट

नल्लकुंट्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत सासूबाईंनी एकच धोशा लावला होता, "मला आपल्या दारातून न्या रे बाबा." उगाच हट्ट नव्हता तो. आमच्याकडे हैदराबादेत भाडेकरू गेला की घरमालक प्रेत आत घेऊ देत नाहीत. शेवटची आंघोळसुद्धा रस्त्यावर. समोरच्यांचं तसं झालेलं त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि धसकाच घेतला.

नव्वद सालानंतरचे दिवस. जो उठला तो बिल्डर! ह्यांनीही नोकरी सोडली, नांदेडकडचं शेत विकलं आणि शहराबाहेर प्लॉट घेतला. खाली आम्ही राहणार, वरचे दोन फ्लॅट विकणार. भर उन्हाळ्यात जागा पाहिली तेव्हा तिथे काकडीचे वेल पसरले होते. बोअर मारली तर बघता बघता पाणी! या शहरात पाण्यासाठी माणसं रडतात, म्हणून आम्ही गल्लीभर पेढे वाटले. काय आमची अक्कल!

बांधकामाला पाटबंधारे खात्याची ना-हरकत हवी होती. त्यांचा इंजिनियर जागेवर आला, बोअर बघून हसायलाच लागला. "पानी तो लगताइच ना साब, तालाब में बोअर मारे आप." जमीन शिखमची, तळ्याच्या पोटातली निघाली. म्हणजे मालक तुम्ही, पण तळं आटलं की पीक घ्यायचं आणि भरलं की गप्प बसायचं. घर बांधायचं नाही.

त्यानंतर ना-हरकतीच्या सहीसाठी नुसते खेटे. हे सकाळी ऑफिसात जाऊन बसायचे, साहेब कधी दौऱ्यावर, कधी मीटिंगमध्ये. इकडे सासूबाईंनी अंथरूण धरलं. संध्याकाळी ह्यांची चप्पल वाजली की त्या विचारायच्या, "मिळाली?" हे म्हणायचे, "या आठवड्यात, आई." ते ऐकून मला रडू यायचं आणि संतापही.

एकदा हे हळूच म्हणाले, "मलबा टाकून जागा उंच केली की सही देतात म्हणे."

"मग टाका की! तळ्याचं काय करायचंय मला? इथे माणूस चाललंय!" मी ओरडले. खरंच, तेव्हा अख्खं तळं बुजवलं असतं मी.

पण शेजारचे प्लॉटवाले हुशार. त्यांनी आधीच भराव टाकला, त्यांना सहीही मिळाली. पावसाळ्यात त्यांच्याकडचं पाणी सरकून आमच्या प्लॉटात आलं. ट्रक उतरायलाही जागा उरली नाही.

सासूबाई दवाखान्यातच वारल्या, त्यांना गाडीतून घरी आणलं. घरमालक वाईट नव्हता, पण दारातच हात जोडून उभा राहिला. "घरात नको, अम्मा. बाहेर ठेवा."

हे गाडीवाल्याला म्हणाले, "प्लॉटवर चल."

रस्त्याकडचा कोपरा तेवढा कोरडा होता. तिथे चटई टाकून आम्ही त्यांना निजवलं, आंघोळ घातली, लुगडं नेसवलं. तिरडी बांधून झाली. चौघे उचलायला वाकले तेवढ्यात हे म्हणाले, "थांबा," आणि माझ्याकडे वळले.

"दार कुठे येणार होतं गं?"

मी हात करून दाखवलं. मग आम्ही त्यांना तिथून नेलं.