सांगायचं काम सुनेकडे

लग्न होऊन मी गुजरातेत उधन्याला आले त्याला चार वर्षं झाली होती आणि या चार वर्षांत मी माझ्या सासऱ्यांशी, आबांशी, एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं. आमच्या खानदेशात सुनेनं सासऱ्यासमोर पदर पुढे ओढायचा आणि तोंड बंद ठेवायचं, एवढंच. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली, त्यामुळे मध्ये निरोप द्यायला कुणी नाही. नवरा पांडेसऱ्याला रंगाईच्या कारखान्यात, त्याच्या पाळ्या बदलत्या. मग मी चुलीशी बोलायची. ‘तापलं बाई एकदाचं पाणी’ असं चुलीला सांगितलं, की बाहेर बसलेले आबा आंघोळीला उठायचे. त्यांना चहा हवा असला की ते दारातल्या कुत्र्याला सांगायचे. एका खोलीत तीन माणसं, आणि हा असला तमाशा.

एरवी आबा बोलण्यात कुणाला हार जाणारे नव्हते. खात्यात, म्हणजे जिथे ते सांचे, कापड विणायचे माग, चालवायचे त्या शेडमध्ये, शेठकडे काही मागायचं असलं की सगळे त्यांनाच पुढे ढकलत. पंखा बंद आहे, सणाची सुटी हवी, कुणाला कामावरून काढलं आहे, की आबा उभे. अर्धी हिंदी, अर्धी गुजराती, आणि राग आला की शुद्ध अहिराणी. शेठला ती कळत नसे, पण पोचायची बरोबर.

एकोणीसशे सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल, त्यांचा आवाज बसला. कुणी लक्षच दिलं नाही. सांच्यांच्या खडखडाटात ओरडून ओरडून आमच्या चाळीतल्या निम्म्या बाप्यांचे गळे तसेच झालेले. घोगरा आवाज म्हणजे जुना कारागीर, असं कौतुकानंच म्हणायचे. मीही म्हटलं, सांच्यावाल्याचा गळा, असाच असणार. हळद-गूळ करून कुत्र्याजवळ ठेवत गेले. पाच-सहा महिने असे गेले. ते महिने आठवले की आजही मला माझाच राग येतो.

भाकरीचा घास अडकायला लागला तेव्हा नवरा म्हणाला, दवाखान्यात ने. त्याला रजा नव्हती. माझं माहेर नवापूरचं, त्यामुळे गुजराती मला येत होती, आणि सातवीपर्यंत शिकलेली असल्यानं चिठ्ठ्या वाचता येत होत्या. मी पुढे, आबा चार पावलं मागे, असे आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांच्या कपाळाला गोल आरसा बांधलेला. त्यांनी आबांची जीभ फडक्यात धरून बाहेर ओढली, लांब दांडीचा इवलासा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला, स्वतःच्या हाताला लावून पाहिला आणि घशात घातला. ‘ई बोलो, काका. ई...’ आबांच्या तोंडून नुसता वारा आला. डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिले. मग म्हणाले, एक तुकडा काढून तपासावा लागेल.

तुकड्याचा निकाल आला त्या दिवशी त्यांनी आबांना बाकावर बसायला सांगितलं आणि मला आत घेतलं. तेव्हा डॉक्टर रोग्याला काही सांगत नसत, त्याच्या माणसाला सांगत. ‘केन्सर छे,’ ते म्हणाले. आवाजाची एक पट्टी हलतच नाही, आता आवाजाची पेटीच काढावी लागेल. गळ्याला खाली भोक ठेवू, श्वास तिथून. ‘जीव बचशे, पण अवाज नहीं रहे. बराबर समजावजो. अंगूठो एमनो जोईशे.’ म्हणजे कागदावर अंगठा आबांचाच लागणार होता.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो आधी रडला, मग त्यानं माझा हात धरला. ‘त्यासले सांगू नको. आवाज जाई म्हनशी तं गावले निंघी जातीन नि तठेच मरतीन. तुले मनी आन शे.’

म्हटलं, मग तूच सांग काय सांगायचं ते. तर म्हणे, मना धीर होत नही. बाप त्याचा, धीर मी करायचा! खरं सांगितलं तर माणूस जाणार, नाही सांगितलं तर फसवणूक, आणि वर नवऱ्याची शपथ. तीन रात्री मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आबांना एवढंच माहीत होतं, गळ्याचं ऑपरेशन आहे.

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, ‘बधुं समजावी दीधुं छे ने?’ मी म्हटलं, हा, सगळं सांगितलं. नर्स कागद आणि शाईचं पॅड घेऊन आली. आबांनी अंगठा पुढे केला आणि तसाच हवेत ठेवला. तिथे कुत्रा नव्हता. ते सरळ माझ्याकडे बघून, होता नव्हता तेवढा आवाज लावून म्हणाले, ‘पोरी, मना आवाज परत ई ना?’

माझा पदर कुठे होता मला माहीत नाही. मी म्हटलं, ‘येईल, आबा.’

त्यांनी अंगठा टेकवला.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्ध आल्यावर त्यांनी ओठ हलवले, आणि काहीच आलं नाही. पुन्हा हलवले. गळ्याच्या नळीतून फक्त हवा सुटली. नर्सनं दगडी पाटी दिली. आबांना लिहिता कुठे येत होतं? त्यांनी पाटी उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली. मग आठवडाभर भिंतीकडे बघत राहिले. मी पेज भरवायची नळी धरून बसायची आणि आमच्या दोघांत पुन्हा पूर्वीसारखी शांतता.

रविवारी त्यांच्या खात्यातला जुना सोबती आला. त्याच्याशी मात्र आबांचं लगेच जमलं. सांच्यांच्या आवाजात कारागीर एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं ओळखतात, हे मला तेव्हा कळलं. आबा ओठ हलवत होते, तो ‘हां, हां’ करत उत्तरं देत होता. एकदा तर दोघं हसले. मला इतकं बरं वाटलं की मी मोसंबी सोलायला घेतली.

मग आबा माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले. सोबत्यानं मान खाली घातली.

‘काय म्हणतात?’ मी विचारलं.

‘इचारी ऱ्हायनात, तुले माहीत व्हतं का?’

मोसंबी हातात तशीच राहिली. मी आबांकडे बघितलं आणि म्हटलं, ‘हो. माहीत होतं.’ नवऱ्याची शपथ मध्ये आणावी असं मनात आलं, पण तोंडाला आलं नाही.

आबांचे ओठ पुन्हा हलले. मी सोबत्याला म्हटलं, सांगा.

‘म्हनतस, सून चार वरीसमा पयलांदाव बोलनी, नि खोटं बोलनी.’

आबा त्यानंतर आठ वर्षं जगले. चार-सहा महिन्यांत मीही त्यांचे ओठ वाचायला शिकले. पदर मागे गेला, चुलीशी बोलणं सुटलं. मीठ कमी आहे, पुढे नातू झाल्यावर त्याला टोपी घाल, सगळं ते मला सांगायचे. पण मला काही विचारलं नाही त्यांनी, कधीच. दूधवाला येऊन गेला का, एवढंसुद्धा ते स्वतः उठून, दाराशी जाऊन बघायचे.