मागची इंचभर फळी

माझी वळकटी मोटारीच्या टपावर चढली तेव्हा आई पदर तोंडाला लावून उभी होती आणि अण्णा मागच्या चाकाशी उकिडवे बसून माप घेत होते. नेवाशाहून नगरला जाणारी ती सर्व्हिस मोटार. तिच्या इंजिनात पाणी भरणं चाललं होतं, म्हणून सुटायला वेळ होता. मुलगा मोंबासाला निघालाय, लढाईचे दिवस, बोट पोचेल की नाही याचा भरवसा नाही, आणि वडील चाकाला पट्टी लावताहेत! स्टँडवरची माणसं बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णांनी शाईपेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं, आकडा तळहातावर लिहिला आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. मी वाकून नमस्कार केला तेव्हा एवढंच म्हणाले, "पोचल्याचं पत्र टाक. आणि चाकं आपण मोठी धरली होती. चुकलंय ते."

तुम्हा गावकऱ्यांना अण्णा ठाऊक आहेतच. जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांच्यासाठी सांगतो. अण्णा मोजणी खात्यात होते. उभा जन्म लोकांच्या शेतांवर साखळी ओढण्यात आणि नकाशे काढण्यात गेला. तळहातावर आकडे लिहायची सवय तिथलीच. संध्याकाळी ते वहीत उतरवायचे आणि मगच हात धुवायचे. अशा माणसाला छंद काय असावा, तर मोटारींच्या प्रतिकृती करण्याचा. फुटाला अर्धा इंच हे आमचं प्रमाण. नगरच्या छावणीतले लष्करी ट्रक आम्ही बापलेक रस्त्याच्या कडेला उभे राहून तासन् तास न्याहाळायचो, आणि घरी येऊन रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापायचो. दिव्यांना आईच्या पोलक्याची टिचबटणं, टायरला जुन्या वहाणेचं रबर. नंबराची पाटी अण्णा नकाशाच्या बारीक टाकाने लिहायचे. मी कधी कंटाळून म्हणालो, की चालतंय हो, एवढं कोण बघतंय, की ते हातातली कानस खाली ठेवायचे. "प्रमाण सोडलंस की ते खेळणं झालं. अंदाजाने काही करू नकोस. मोज."

आमच्यात बोलणं असं तेवढंच. दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही. त्याचा मला तेव्हा राग होता, खोटं कशाला सांगू.

मोंबासाला मला मोटारींच्या वर्कशॉपमध्ये सुट्या भागांच्या कोठारावर नोकरी मिळाली. भोवताली समुद्र, नारळ, गुजराती दुकानं, आणि अंगाला चिकटणारी दमट हवा. पहिले सहा महिने मी रोज भाकरीच्या वासासाठी झुरलो. मग अण्णांचं पत्र आलं. ते नुकतेच पेन्शनीत निघाले होते. "रिकामा वेळ फार आहे," त्यांनी लिहिलं होतं. "आपली नगरची मोटार पुन्हा नव्याने करू. खालचा सांगाडा तू कर, तुझ्याकडे धातू आणि हत्यारं आहेत. वरची बॉडी मी करतो, माझ्यासमोर मोटार आहे." सोबत पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या अंतराचा आकडा होता.

त्या पत्राने मी जगलो असं म्हटलं तरी चालेल. दिवसभर कोठार सांभाळायचं आणि सुटी झाली की पितळी पट्ट्या झाळत बसायचं. आमच्या वर्कशॉपचा म्हातारा फुंडी, म्हणजे तिकडचा मिस्त्री, मला हत्यारं द्यायचा आणि हसायचा. एवढी मोठाली गाडी समोर असताना माणूस छोटी का करतो, ते त्याला कळायचं नाही. मी त्याला काय सांगणार? त्या मोटारीत बसूनच मी घर सोडलं होतं. ती माझ्या डोळ्यांत पाठ होती, मागचा दरवाजा, शिडी, टपाची जाळी, सगळी.

दोन वर्षं अशी गेली. मग अण्णांचं एक पत्र आलं, त्यात मधल्या चार ओळी काळ्या शाईने पुसलेल्या. लढाईत पत्रं उघडून तपासायचे, त्यांना त्या ओळींत काय खटकलं कोण जाणे. त्याखाली एवढंच वाचता येत होतं: "म्हणून मागचा भाग वाढला आहे. मोजून घेतला आहे. बॉडी पाठवतो, राहिलेलं मागाहून."

बॉडी आली ती आपल्या भागातल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर, धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून. काय काम होतं! खिडक्यांच्या पट्ट्या, बाकं, टपावर आईने जुन्या लुगड्याची शिवलेली बोटाएवढी वळकटी. मी ती हातात घेऊन चक्क रडलो. मग बॉडी सांगाड्यावर बसवली. बरोबर बसली, फक्त मागे, दरवाजाच्या डाव्या अंगाला, एक इंचभर फळी नुसतीच बाहेर आलेली. खाली चार बारीक आधार, वर काही नाही. आमच्या प्रमाणात दोन फूट! अशी फळी मोटारीला नव्हती. मी त्या मोटारीत बसून आलो होतो, मला माहीत नाही का?

मला वाटलं, अण्णा आता थकले. नजर गेली, हात चुकला, आणि चूक कबूल करायचा स्वभाव नाही म्हणून "मोजून घेतला आहे" असं दडपून लिहिलं. वाईटही वाटलं, आणि खरं सांगतो, थोडी मजाही वाटली. जन्मभर मला चुका दाखवणारा माणूस एकदाचा सापडला होता. विचारायला हवं होतं. एक पत्र टाकायचं होतं, दोन महिने थांबायचं होतं. मी बारीक करवत घेतली आणि फळी कापून टाकली. कड कानसीने साफ केली, रंग दिला आणि मोटारीचा फोटो काढून घरी पाठवला. खाली लिहिलं, "मागचं थोडं जास्त झालं होतं, ते काढलं. आता अगदी आपली मोटार दिसते."

उलट टपाली कार्ड आलं. "फोटो मिळाला. मोटार छान दिसते. प्रकृतीस जपावे." पुढच्या पत्रांतून ते पाऊसपाणी लिहीत राहिले, मोटारीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. राहिलेलं काय मागाहून येणार होतं, ते मी विचारलं नाही. वर्षभराने तार आली. दोन दिवसांच्या तापाने अण्णा गेले होते, आणि तार माझ्या हाती पडली तेव्हा तेरावाही उलटून गेला होता.

लढाई संपल्यावर बोटीत जागा मिळाली तसा मी आलो. नगरच्या स्टँडवर तीच मोटार उभी होती, तोच नंबर. मी मागच्या बाजूला गेलो. दरवाजाच्या डाव्या अंगाला दोन फुटांची फळी होती, खाली चार लोखंडी आधार, आणि फळीवर पुरुषभर उंचीची पत्र्याची भट्टी. क्लीनर तिच्यात लोणारी कोळसा ओतत होता. पेट्रोल मिळेनासं झाल्यावर मोटार कोळशाच्या गॅसवर चालायला लागली होती. मी गेल्यानंतरची गोष्ट. पत्रातल्या पुसलेल्या चार ओळींत हेच असणार.

ड्रायव्हर जुनाच, मला ओळखणारा. तो म्हणाला, "अण्णांनी लई मापं घेतली हिची. भट्टी तापल्याली हाय, हात लावू नका म्हनलं, तर न्हाई ऐकलं. बोटं पोळली त्यांची. तरी हातावर आकडा लिवला आन् मंगच पानी मागितलं."

मी मागच्या बाकावर बसलो. नेवासा येईपर्यंत त्या भट्टीचा धूर मागे राहिलेल्या रस्त्यावर पसरत होता, आणि मी बघत होतो.

घरी आईने अण्णांची पेटी पुढे केली. वर मोटारीचा फोटो, आणि त्याखाली कापसात गुंडाळलेली एक भट्टी. बोटभर उंचीची. झाकण बिजागरीवर उघडत होतं. आत ज्वारीएवढे कोळशाचे तुकडे भरलेले.

"तुझा फोटो आला त्याच दिवशी झाली होती रे पुरी," आई म्हणाली. "मला म्हणाले, आता ही बसायची कुठे? आणि ठेवून दिली."

मी म्हटलं, लिहिलं का नाही मग मला? रागवायचं तरी. आई म्हणाली, "मीही तेच म्हटलं. तर म्हणे, परक्या मुलखात आहे पोरगा, त्याची मोटार पुरी झालीय. राहू दे."

भट्टी मी इकडे मोंबासाला घेऊन आलो. फुंडीने ती तळहातावर धरली, झाकण उघडून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोले." दुसऱ्याचं दुःख कळलं की इथली माणसं एवढंच म्हणतात. तो आता हसत नाही.

बाहेर पडलेल्यांनो, आपण घर सोडतो तेव्हाची मोटार डोळ्यांत घेऊन निघतो, आणि पुढे जन्मभर तीच खरी मानून चालतो. घरच्यांचं वय वाढतं, दारं बदलतात, चुली बदलतात, ते आपल्याला पत्रातून कळवतात, आणि आपल्याला वाटतं म्हाताऱ्यांना भ्रम झाला. माझ्यामागे जे वाढलं तेही माझंच घर होतं, हे मला करवत चालवून झाल्यावर कळलं.

आणि गावकऱ्यांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. ती फळी मला नव्याने करायची आहे. कापलेला तुकडा मी तेव्हाच भंगारात टाकला. तळहातावरचा आकडा अण्णांबरोबर गेला. आईने वही शोधली, त्यात तो उतरवलेला नाही; या खेपेला हातावरून थेट पत्र्यावरच घेतला असावा. नगरच्या स्टँडवर मी भट्टीसमोर उभा होतो, पट्टीही खिशात होती, पण हात पुढे झाला नाही. आता ऐकतो की पेट्रोल मिळायला लागल्यापासून भट्टी काढली, फळीही काढली. ड्रायव्हरने कुणाकडून तरी लिहवून घेऊन कळवलंय, की मोटारीच्या पाठीवर फळीच्या बोल्टांची चार भोकं अजून आहेत.

कुणी स्टँडवर गेलात तर त्या चार भोकांमधलं अंतर मला कळवा. पण डोळ्याने बघून लिहू नका. पट्टी लावून मोजा.