शकुनमावशीचा टास्मानिया

माझी शकुनमावशी अमरावतीच्या माळ्याघरी दिलेली. सासऱ्याचा संत्र्याचा बगीचा होता, पण नवरा भगवंत तार ऑफिसात नोकरीला. तारेची कडकट्ट भाषा त्याच्या बोटांत मुरलेली. लग्नानंतर त्यानं ती मावशीलाही शिकवली. जेवताना दोघं वाटीवर बोटानं टकटक करून बोलत, आणि सासू म्हणे, "अवं माय, काय भिकाऱ्यावानी भांडे वाजवून राहिले!"

त्या काळी अमरावतीत हौशी बिनतारीवाल्यांचा एक क्लब होता. सरकारचं लायसन काढायचं, संदेश पाठवायचं यंत्र घरीच बांधायचं आणि कुठल्याकुठल्या देशांतल्या अनोळखी हौशांशी कडकट्टात बोलायचं, हा त्यांचा नाद. बोलणं झालं की पोस्टानं एकमेकांना आपलं कार्ड पाठवायचं. रविवारी संध्याकाळी वामनराव वकिलांच्या ओसरीवर बैठक भरे. चहा-चिवडा चाले, आलेली कार्डं हातोहात फिरत, आणि कोणाला कोणता देश लागला याच्या गप्पा रंगत. थंडीत अकोल्याच्या क्लबाबरोबर हुरडा ठरलेला. वामनराव क्लबाचे सेक्रेटरी. त्यांचं यंत्र विलायतेहून मागवलेलं, तरी भगवंतनं घरी बांधलेल्या यंत्राइतकं लांब पोचत नसे. हे त्यांना सलायचं.

भगवंत विषमज्वरानं गेला. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी वामनराव बैलाची रेंगी घेऊन दारात.

"शकुनबाई, लायसन भगवंतच्या नावाचं होतं. आता हे यंत्र घरात ठेवणं म्हणजे गुन्हा. मी सरकारजमा करतो. तुम्ही काळजी करू नका."

मावशीनं रडतरडत स्वतःच्या हातानं यंत्र जुन्या लुगड्यात बांधून दिलं. ऐकायचा छोटा सेट मात्र माजघरात राहिला. दोन महिन्यांनी एका सकाळी तिनं तो सहज लावला, आणि तिच्या अंगावर काटा आला. भगवंतच्या यंत्राला एक खोड होती. कडकट्टातल्या दर टिंबाच्या शेवटी सूर किंचित वर चढे, चिमणीनं चिवकल्यासारखा. तोच सूर हवेतून येत होता, आणि पुढं वामनरावांची हाक-अक्षरं, म्हणजे सरकारनं लायसनबरोबर दिलेली ओळखीची अक्षरं.

रविवारी ती थेट ओसरीवर गेली. सगळे बसलेले होते.

"वकीलसाहेब, माह्या घरचं यंत्र सरकारजमा केलं म्हनता, मंग सकाळी तुमच्या घरून कोन वाजवून राह्यलं ते?"

वामनरावांनी कप खाली ठेवला. "क्लबाच्या उपयोगासाठी ठेवलंय. तुम्हाला त्याचं काय काम? बाईनं चूल फुंकावी, आकाशवाणी कशाला फुंकायची?"

सगळे हसले. भगवंतच्या तिरडीला खांदा दिलेले सुद्धा हसले. मावशी घरी आली. नागीण डूख धरते तसा तिनं त्या दिवशी डूख धरला.

भगवंतच्या पेटीत सुटे भाग होते, एक लहानसा व्हॉल्व्ह होता. तिनं तारेची वेटोळी गुंडाळली, जोडणी केली आणि एक इवलंसं यंत्र उभं केलं. लायसन नव्हतं. पकडली गेली असती तर तुरुंग होता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढं अनेक वर्षांनी तिनं मला सांगितलं, "मले तुरुंगाचं भेव नव्हतं वो. तो वकील हसला अन् मी तशीच मेली, तर काय, याचंच भेव होतं."

तिनं बाहेर तार टांगलीच नाही. माजघरातच वावभर, दोन हात पसरले एवढीच, तार भिंतीला लावली, म्हणजे आवाज जेमतेम दोन गल्ल्यांपलीकडच्या वामनरावांपर्यंत पोचावा आणि पोचेपोचेपर्यंत अर्धमेला व्हावा. दूरच्या देशातला आवाज लाटेसारखा वरखाली होतो. त्यासाठी ती डावा हात वेटोळ्याजवळ न्यायची आणि हळूच मागं घ्यायची. रविवारी सकाळी वामनरावांनी जगाला हाक घातली तेव्हा तिनं उत्तर दिलं. टास्मानियाहून बोलतोय, मेंढ्या पाळतो, इथं पाऊस आहे. हौशांचं इंग्रजी ठराविक चार शब्दांचं असतं, ते भगवंतनं तिच्याकडून घोटून घेतलं होतंच.

वामनरावांना आभाळ ठेंगणं झालं. टास्मानिया आजवर वऱ्हाडात कोणालाच लागला नव्हता. संध्याकाळी ओसरीवर पेढे वाटले गेले. मग दर रविवारी मेंढपाळ येऊ लागला. कार्डाचं विचारलं की म्हणे, बोटीनं निघालंय, पोचेल. अकोल्याच्या क्लबाचे अध्यक्ष किसनराव जिनवाले यांनी निरोप धाडला, "आमाले तर काईच ऐकू येत नाही." वामनरावांनी उलट कळवलं, "ऐकायला कान लागतात. सरकीच्या ढिगात बसून टास्मानिया ऐकू येत नसतो." अकोलेकर चिडले. मावशीच्या कानावर हे आलं तेव्हा ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

तेवढ्यावर ती थांबली नाही. एकदा मेंढपाळानं कळवलं, तुमचा आवाज क्षीण येतो, तारेच्या वाटेत झाड तर नाही? वामनरावांच्या अंगणात त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, वाढवलेला शेवगा होता. दुपारपर्यंत तो भुईसपाट झाला. मावशी माडीवरून बघत होती. पार्वताबाई ओट्यावर डोळ्याला पदर लावून बसलेल्या तिला दिसल्या. ती खिडकीतून मागं सरली. पण पुढच्या रविवारी तिनं कळवलं, "आवाज आता सुरेख येतो."

पौषात हुरड्याचा दिवस ठरला. पातूर रस्त्यावर किसनरावांचं शेत, अकोल्याबाहेर. वामनरावांनी जाहीर केलं की तिथं दोन्ही क्लबांसमोर टास्मानियाला हाक घालून दाखवीन. "ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी कर्णा लावतो." आणि तसं त्यांनी मेंढपाळालाही कळवलं. मेंढपाळ म्हणाला, जरूर.

किसनरावांच्या शेताला लागूनच माझ्या आईची, जयवंताची, भाजीची वाडी होती. मावशी आदल्या दिवशी ट्रंक घेऊन उतरली. वर लुगडी, खाली यंत्र आणि ऐकायचा सेट. आईनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"अवं बाई, पोलीस धरतीन ना तुले! काहून करून राहिली हे?"

"तू वांगे तोड," मावशी म्हणाली. "मले काई पुसू नको."

सकाळी तिनं निंबापासून विहिरीभोवतीच्या काटेरी वडांगापर्यंत चांगली लांब तार ओढली आणि खोपीत जाऊन बसली. ज्वारीपलीकडून गोवऱ्यांचा धूर येत होता, हसणं ऐकू येत होतं. कणसं भाजली जात होती, लसणाची चटणी फिरत होती. मग सगळं शांत झालं. वामनरावांनी हाक घातली. भगवंतच्याच यंत्रावरून, त्याच चिवकणाऱ्या सुरात.

मावशीनं बोट ठेवलं. या वेळी ना हात हलवला, ना आवाज दाबला. कर्ण्यातून असा खणखणीत सूर निघाला की झाडावरचे पोपट उडाले. शेतात बसलेल्या प्रत्येकाला कडकट्ट येत होतं. रोमन अक्षरांत वऱ्हाडी बोली येतेय हे उमगायला त्यांना थोडा वेळ लागला. मग किसनराव मोठ्यानं एकेक शब्द वाचू लागले.

"वामनराव. म्या टास्मानिया. पाह्यला. नाई. मी शकुन. भगवंतची बायको. चूल फुकून झाली. माह्यं यंत्र. वापस द्या."

वामनरावांनी बॅटरीची तार उपटली. उपयोग नव्हता, सगळं ऐकून झालं होतं. आधी अकोल्याचा कोणीतरी फिसकन हसला, मग हशाचा नुसता लोट उठला. अमरावतीचेही हसत होते. तेवढ्यात ज्वारीतून वाट काढत मावशी समोर येऊन उभी राहिली.

वामनरावांचा चेहरा राखेसारखा. "विनापरवाना यंत्र! तुरुंगात घालीन तुम्हाला. आत्ता फिर्याद देतो!"

"द्या ना. फिर्यादीत लिवजा, सहा महिने कोनासंग बोलत होते ते. टास्मानिया कुठी हाये, ते फौजदाराले तुमीच नेऊन दाखवजा."

किसनरावांनी भगवंतचं यंत्र स्वतः उचललं आणि आमच्या वाडीत आणून ठेवलं. पुढं तिचं लायसनही त्यांनीच खटपट करून काढून दिलं. अकोल्याच्या क्लबात ती एकटी बाई होती.

अमरावतीत मात्र वामनरावांना लोक 'टास्मानिया' म्हणू लागले. कोर्टात समोरचे वकील हळूच मेंढीसारखं बें करत. ओसरीवरची बैठक मोडली. मावशी दर रविवारी सकाळी हवेवर येई, दुसऱ्या कोणाशी बोलायच्या आधी वामनरावांची हाक-अक्षरं एकदा वाजवी आणि गप्प होई. त्यांना ऐकू जात असणार, एवढं तिला पुरे होतं.

एका दुपारी पार्वताबाई आल्या. मावशीनं चहा ठेवला. त्या कपाला हातही न लावता म्हणाल्या, "बाई, त्यायचं चुकलं. मी पाया पडतो तुमच्या. आता तं ते जेवत नाईत, कोनाशी बोलत नाईत. रविवारचं ते वाजवनं बंद करा."

मावशीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तुमचा शेवगा गेला त्याचं मले वाईट वाटते. तुमी म्हनसान तं तुमच्या पाया मी पडतो. पन वाजवनं बंद नाई होनार."

पार्वताबाई उठून गेल्या. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत.

मग दुसरं महायुद्ध लागलं. सगळ्या हौशांनी यंत्रं ठाण्यात जमा करावीत, असा हुकूम निघाला. मावशी भगवंतचं यंत्र घेऊन गेली तेव्हा बाकावर वामनराव बसलेले होते, पायाशी विलायती यंत्राचं खोकं. खूप वाळले होते. शिपायानं दोन्ही यंत्रं एकाच कोपऱ्यात, एकावर एक ठेवली.

वामनराव पहिल्यांदाच तिच्याशी सरळ बोलले. "झालं ना आता समाधान? माझंही गेलं."

"तुमचं सरकारनं नेलं वकीलसाहेब," मावशी म्हणाली. "म्या नेलं असतं, तं झालं असतं."

आणि पावती पदराला बांधून ती उन्हात चालू लागली.