दोन गावांचे भोंगे आणि वाघाचं ब्लँकेट

आमचं गाव आणि माझ्या धाकट्या बहिणीचं सासर यांच्यामध्ये फक्त एक ओढा आणि भरपूर ऊस आहे. उसात बिबट्या असतो, तो दोन्ही गावांचा. भोंगे मात्र वेगवेगळे. आमचा सरकारी खात्यानं बसवला, त्यांचा पुण्याच्या कुठल्या कंपनीनं. खांबावर कॅमेरा, त्यात एआय. त्यानं बिबट्या ओळखायचा आणि भोंगा वाजवायचा.

शाळा ओढ्यापलीकडं. माझी नात चौथीत आहे. मीही चौथीपर्यंतच शिकले, म्हणजे पुढच्या वर्षी ती माझ्या पुढं जाणार, याची मी वाट बघत होते. पण सून म्हणाली, "आई, भोंग्याचा भरवसा न्हाई. दिवाळी झाली की पोरीला आळेफाट्याला मामाकडं ठेवते." मी चुलीकडं वळले. त्या दिवशी भाकरी तेवढी करपली.

सुनेचं चूक नव्हतं. आमचा भोंगा वासराला बघून ओरडायचा, म्हशीला बघून ओरडायचा. शेवटी तो वाजला तरी कुणी मान वर करेना. पलीकडचा तर बसवल्यापासून एकदाही वाजला नव्हता. दोन्ही गावांत सुरक्षा समित्या होत्या. आमचे अध्यक्ष म्हणायचे, "आपला भोंगा जागा आसतो." त्यांचे म्हणायचे, "आमच्याकडं बिबट्याच फिरकत न्हाई." दोघांनी समोरासमोर बसावं, तर यात्रेपासून बोलणं बंद. बैलगाड्यांच्या शर्यतीत त्यांच्या गावानं वेळ मोजायच्या घड्याळावर गाडामालकाचाच मेव्हणा बसवला होता. असं कुठं असतं का? घड्याळवाला बाहेरगावचा लागतो.

शाळेला सुट्टी लागायच्या आधीच बहिणीची लेक दिवाळीसाठी दिल्लीहून आली. एआयची यंत्रं लोकांना घातक ठरू नयेत म्हणून सरकारनं नवी संस्था काढली आहे, तिथं ती कामाला आहे. बहिणीच्या ओट्यावर करंज्या करताना मी तिला विचारलं, "तुमचं हाफिस केवढं हाय?"

"सगळं एका जागी नाही, मावशी. मधे एक छोटं ऑफिस, आणि तपासायचं काम ठिकठिकाणच्या कॉलेजांना वाटून दिलंय."

"मग पाटी कुठं लावता?"

"पाटीचं काही विचारू नकोस. अशा संस्था बऱ्याच देशांत निघाल्यात, काहींनी तर पाटी लावून थोड्याच दिवसांत तिच्यावरचं नावसुद्धा बदललं." तिनं करंजीची कड दुमडली. "यंत्रं सगळीकडं तीच. म्हणून सगळे देश अधूनमधून एकत्र बसतात. कसं तपासायचं, एकानं तपासलेलं दुसऱ्यानं मानायचं का, हे ठरवतात."

"भांडत्यात?"

"गोड बोलून."

"आन् यंत्र वाईट निघालं तर दंड?"

"तो अधिकार बहुतेकांना नाही. बघायचं आणि सांगायचं."

मी हळूच विचारलं, "घड्याळ कुणाच्या हातात आसतं? गाडामालकाच्या का?"

ती एवढी हसली की सारण सांडलं. "मावशी, सगळी ओढाताण त्याचीच आहे. यंत्र करणारे म्हणतात, आम्हीच तपासलंय. बाहेरच्यानं बघायचं तर त्यांनी आधी दार उघडायला पाहिजे."

बहीण माझ्याकडं बघायला लागली. लहानपणी दुसऱ्याच्या बोरीखाली उभी राहून ती अशीच बघायची. "आक्का, आपल्या भोंग्यांना दार कुठंय? तू आमच्या गावाला बाहेरची. मी तुमच्या."

ओतूरच्या बाजाराला पुरुषमाणसं गेली त्या दिवशी आम्ही निघालो. माझ्या मुलाच्या लग्नात आहेरात वाघाच्या तोंडाचं ब्लँकेट आलं होतं, ते घेतलं. आधी आमचा भोंगा. बहीण ब्लँकेट पांघरून उसाच्या कडेनं रांगली. काही नाही. खांबाच्या दुसऱ्या बाजूनं उभ्यानं चालत आली, तर भोंगा बोंबलायला लागला.

"आक्का, ह्याचं तोंड उसाकडं न्हाईच. अध्यक्षांच्या गोठ्याकडं हाय."

हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत होतं. भिडेपायी कुणी बोललं नव्हतं.

मग त्यांचा. तिथं मी रांगले. भोंगा गप्प. बहीण म्हणाली, "जरा गुरगुर." मी इकडंतिकडं बघून गुरगुरले. तेवढ्यात शाळा सुटली. नात सगळ्यांच्या पुढं.

"आजी, शेपूट कुठंय?"

लाजेनं मी मान वर केली आणि मला ते दिसलं. उद्घाटनाचा झेंडूचा हार वाळून कॅमेऱ्यावर लोंबत होता, आणि काचेवर कुंकवाचं बोट. प्रमुख पाहुण्यांच्या हातचा हार, काढणार कोण?

आम्हाला कुणाला सांगावंच लागलं नाही. पोरांनीच दोन्ही गावांत बोभाटा केला. संध्याकाळी ओढ्याच्या अल्याड-पल्याड माणसं जमली. यात्रेनंतर पहिल्यांदाच बोलत होती.

"डोळ्यावर हार घालून बिबट्या दिसतो व्हय, राव?"

"तुमचा काय करतो, भाऊ? अध्यक्षांच्या म्हशी मोजतो."

अंधार पडायच्या आत हार निघाला आणि आमच्या कॅमेऱ्याचं तोंड उसाकडं वळलं. दर महिन्याला त्यांनी आमचा तपासायचा, आम्ही त्यांचा, असंही ठरलं. दोन्हीकडची माणसं आनंदानं तयार झाली. भाची म्हणाली, "इतक्या हौसेनं तपासणारे आमच्या बैठकीत एकही देश नाही."

पुढं एका दुपारी त्यांचा भोंगा वाजला. बाईंनी पोरं वर्गातच थांबवली. ओढ्याकाठचा बिबट्या उसात मागं फिरला, मग पोरं घरी आली. सुनेनं मामाला फोन करायचा राहू दिला. "पुढची तपासणी हू द्या, मग बघू," म्हणाली.

पुढच्या तपासणीसाठी नातीनं सुतळीची शेपूट वळून ठेवली आहे. ती ब्लँकेटला शिवायचं काम माझ्याकडं आलंय.