हात न टेकता

लोणावळ्याच्या जुन्या सोबत्याचं, युसूफचं कार्ड जबलपूरला पोचलं तेव्हा मी कामावरून येऊन उंबऱ्याशी उकिडवा बसलो होतो. हमीदाखाला गेल्या, एवढंच लिहिलं होतं. उठताना गुडघ्यावर हात टेकला... चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. लिहिताना काही कमीजास्त झालं तर, या धास्तीतच तीन आठवडे गेले. पण ज्यांच्यामुळे दोन पायांवर उभा आहे, त्यांच्याविषयी गप्प तरी कसं राहायचं?

लोणावळ्याला स्टेशनामागे खालांची खाणावळ होती. घाटातल्या लाइनीवरचे आम्ही दहाबारा गडी तिथं जेवायचो. जवळच्या इंदुरी गावाहून भावाच्या शेतातली साळ यायची, ती खाला स्वतः उखळात सडायच्या. तांदूळ तांबूस निघायचा. भात सडायची गिरणी सुरू झाली आणि आम्हीच त्यांच्या मागे लागलो. "खाला, बंगल्यावर सायबाला मोगऱ्यावाणी भात. आमीच काय पाप केलं?"

"व्हय रं माझ्या सायबांनो!" म्हणत त्यांनी पोती गिरणीत पाठवली. शितं मोकळी दिसावीत म्हणून पेजही आम्हीच काढायला लावली. ताटात पातळ आमटी आणि पांढऱ्याशुभ्र भाताचा ढीग. गिरणीतून परत आलेला कोंडा आणि ती पेज जायची परसातल्या शेळीला.

चारेक महिन्यांत माझ्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, पोटऱ्या शिशासारख्या जड. मुकादम म्हणाला, "चढ चढवंना तर गावाकडं जा." घरी आई माझ्याच जिवावर, त्यामुळे मी कुणापाशी बोललो नाही. ओळखलं ते खालांनी. जेवून उठताना मी भिंत धरली, तशा त्या ओरडल्या, "हात काढ. आता ऊठ." उठताच येईना. मग त्यांनी एकेकाला उठवून पाहिलं. आणखी तिघांची तीच गत. खालांनी परसातल्या शेळीकडे पाहिलं.

"कोंडा शेळीला, पेजबी शेळीला. ती कुंपणावरनं उड्या मारतीया, आन् माझं सायब भिंती धरत्यात!"

दुसऱ्या दिवशी मुसळ पुन्हा घुमू लागलं. दोघे गडी रुसून दुसऱ्या खाणावळीत गेले. खालांनी अडवलं नाही. मला सकाळी मीठ घातलेली पेज, संध्याकाळी हुलग्याचं माडगं. तोंड वाकडं केलं की, "गिळा सायब!" दिवाळीनंतर मी घाट चढलो. ते दोघेही परतले... काठी टेकत. खालांनी त्यांच्यापुढे पेज ठेवली.

पुढे एक डॉक्टर आले. म्हणाले, या रोगाला नाव आहे बाई, पॉलिशच्या तांदळानं होतो. खाला म्हणाल्या, "नाव तुमी ठिवा डाक्टर. वळखला माझ्या शेळीनं!" सही न येणारी बाई ही... सांगताना आजही माझी छाती फुगते.

तेव्हापासून खाणावळीचा एक कायदा झाला. उकिडवं बसायचं, हात न टेकता उठायचं, मगच ताट. इथं परमुलखात मी तो रोज सकाळी पाळतो. बायको हसते, पोरगी माझ्यासारखंच करून बघते.

कार्ड आलं त्या संध्याकाळी तेवढा टेकू घेतला, खाला. पायांचा दोष नव्हता. दुसऱ्या सकाळी उठलो... हात छातीशी बांधून.